आत उतरायला जागा

यंदाच्या ऑगस्टात मी शनवाऱ्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात पाच मीटर पारदर्शक नळी मागितली. गवंडी लोक फरशीची, भिंतीची पातळी धरायला वापरतात ती. काका नळी मोजता मोजता म्हणाले, "बेटा, घर बन रहा है क्या?" म्हटलं, "नहीं काका, स्कूल में पढ़ाना है." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, नळी आणखी हातभर पुढे ओढली आणि मग कात्री लावली. जास्तीच्या नळीचे पैसे घेतले नाहीत.

मी मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरची. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या सोळा आठवडे एका सरकारी शाळेत शिकवते आहे. सातवीचा वर्ग, विज्ञान विषय, पटावर चव्वेचाळीस मुलं. कोणाचे वडील पॉवरलूमवर, कोणाचे केळीच्या बागेत मजुरीला, कोणाचे गवंडीकामाला. पाच-सहा मुली वसतिगृहात राहतात, खकनारकडच्या जंगलपट्ट्यातल्या. आमच्या घरी मराठी, गल्लीत हिंदी, बाजारात उर्दू मिसळलेली हिंदी. आई रावेरची असल्यामुळे तिच्या बोलण्यात खानदेशी हेल. वर्गात यात आणखी कोरकू आणि बारेलीची भर पडते. इथल्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीचा फारुकी राजवटीतला एक शिलालेख आहे, तो अरबीत आहे आणि संस्कृतातही. एका भिंतीवर दोन भाषा कोरणाऱ्या गावात मी शिकवायला शिकते आहे, याचं मला अप्रूप वाटतं.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात 2014 सालच्या राष्ट्रीय आराखड्यापासून एक घटक आला, माहिती-तंत्रज्ञानाची चिकित्सक समज. पहिल्या वर्षी त्यात आम्हाला प्रश्न होता: उद्याचे शिक्षक म्हणून तुम्ही वर्गात तंत्रज्ञान कसं वापराल? मी दोन पानं लिहिली. चलचित्रं, प्रश्नमंजूषा, क्यूआर कोड, घरबसल्या शिक्षण, प्रत्येक मुलाच्या गतीने अभ्यास. वीसपैकी अठरा गुण मिळाले. त्या दोन पानांत खोटं एकही वाक्य नव्हतं, पण ओळखीचं एकही मूल नव्हतं. हा लेख म्हणजे त्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर समजा. याला गुण द्यायला कोणी नाही, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

आधी माझ्याबद्दल एक सांगायला हवं. फोनवर शिकलेल्या पिढीतली मी आहे. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी अकरावीत होते. घरात एक स्मार्टफोन, तो बाबांचा. संध्याकाळी केळीचे भाव व्हॉट्सॲपवर येत, तेव्हा फोन बाबांकडे; सकाळी भावाचा तास, तेव्हा त्याच्याकडे; माझ्या वाट्याला दुपार यायची आणि दुपारी डेटा संपलेला असायचा. शिक्षक पाठवत ती चलचित्रं मी रात्री उशिरा, आवाज बंद करून, नुसती चित्रं पाहत असे. बारावीच्या पूर्ण वर्षात मी भिंगाला हात लावला नाही, विद्युत मंडल जोडलं नाही, परीक्षानळी धरली नाही. त्या वर्षी परीक्षाही रद्द झाली आणि आमचा निकाल दहावीच्या गुणांवरून लागला. पुढे बी.एस्सी.च्या पहिल्या प्रात्यक्षिकाला सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल पाहिली, पेशी विटांसारख्या रचलेल्या दिसल्या आणि मला रडू आलं. चित्रात त्या मी शंभरदा पाहिल्या होत्या. त्या फोनचे उपकार मी विसरणार नाही. तो नसता तर माझं शिक्षण तिथेच थांबलं असतं. पण मी ती वर्षं पडद्यासमोर बसून काय गमावलं तेही मला माहीत आहे, आणि वर्गात उभी राहताना ते माझ्या सोबत असतं.

आमच्या सातवीच्या वर्गात भिंतीवर मोठा टच पॅनेल आहे. फुलाफुलांची चादर शिवून त्याला खोळ केली आहे. पहिल्या आठवड्यात मी विचारलं की तो कधी लावतात. वर्गातल्या मुलांनीच उत्तर दिलं, "मॅडम, पंद्रह अगस्त को." चेष्टा नव्हती, ती खरंच सांगत होती. शाळेतल्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, लावते मी. पण मध्येच अडकला की काय करायचं, हे कोणाला ठाऊक आहे? माणूस इंदूरहून येतो. तोवर मुलं काळ्या पडद्याकडे बघत बसतात." पॅनेलच्या मागे एक चिकटपट्टी आहे: उघडू नये. या बाई बावीस वर्षं शिकवत आहेत. सायकलच्या ट्यूबचा फुगा करून हवेचा दाब शिकवतात, भूगोलाच्या तासाला भिजवलेल्या मातीचा सातपुडा करतात. त्यांना यंत्राची भीती वाटते असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. जे उघडता येत नाही त्याच्या भरवशावर चव्वेचाळीस मुलांचा तास सोडायला त्यांचं मन धजत नाही, एवढंच.

त्यांच्या हातात दिवसभर फोन असतो, हेही मी पाहते. जुलै 2025 पासून राज्यातल्या सरकारी शिक्षकांची हजेरी मोबाइलवर लागते. मुलांची माहिती भरायची, त्यांच्या अपार ओळखपत्रांचं काम करायचं, कार्यक्रमाचे फोटो पाठवायचे. शाळेत शिरलेल्या तंत्रज्ञानाचा मोठा वाटा असा वरच्या दिशेने जातो, कार्यालयाकडे. मुलाकडे येणारा वाटा फार थोडा. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर बोलताना ही गोष्ट बहुधा कोणी काढत नाही.

* * *

ऑगस्टातल्याच एका रविवारी मी कुंडी भंडाऱ्याला गेले. आम्ही गावचे लोक तिथे पाहुणे आले तरच जातो.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. 1615 साली, अब्दुर्रहीम खानखाना इथे असताना, सातपुड्याच्या पायथ्याशी ही पाण्याची योजना झाली. हिंदीतला कवी रहीम तो हाच. पाऊस डोंगरउतारावर मुरतो आणि ते पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असतं. त्याच्या वाटेत एका ओळीत विहिरी खणल्या, त्यांना इथे कुंड्या म्हणतात, आणि तळाशी त्या बोगद्याने एकमेकींना जोडल्या. बोगद्याला अगदी बेताचा उतार. पाणी आपणहून एका कुंडीतून दुसरीत जातं, पुढे जाली करंज नावाच्या हौदाशी जमतं आणि तिथून शहरात. मोट नाही, पंप नाही, वीज नाही. शंभरावर कुंड्या आहेत. इराणात अशा योजनेला कनात म्हणतात आणि तिथल्या कनातींना 2016 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. आपला भंडारा 2024 साली भारताच्या संभाव्य यादीत आला.

पर्यटकांसाठी एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे. सुमारे ऐंशी फूट खाली गेलं की पायाखाली गार पाणी लागतं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेत, हात लावला तर खरखरीत. वर पाहिलं की कुंडीच्या तोंडाएवढं गोल आभाळ दिसतं. थोडं पुढे बोगद्यात उजेडाचा दुसरा ठिपका, त्यापुढे तिसरा. तिथे उभी असताना माझ्या लक्षात आलं की पाणी वाहायला इतक्या कुंड्या लागतच नाहीत. वाहायला बोगदा पुरतो. कुंड्या आहेत त्या खणताना माती वर काढायला, हवेला, उजेडाला, आणि नंतर माणसाला खाली उतरून गाळ आणि चुना खरवडून काढता यावा म्हणून. ज्यांनी हे बांधलं त्यांनी गृहीतच धरलं होतं की हे कधीतरी तुंबणार. म्हणून दर थोड्या अंतरावर आत उतरायला जागा ठेवली. चारशे वर्षं पाणी आलं ते त्यामुळे.

सोमवारी शाळेत पॅनेलची खोळ पाहिली तेव्हा मला हीच गोष्ट आठवली. यात उतरायचं कुठून?

मग मी ती नळी घेतली.

तासाला नळी बाहेर काढली तशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वडील गवंडी. एरवी वही नाही, पेन नाही, खिडकीबाहेर लक्ष. म्हणाला, "मॅडम, ये तो लेवल पाइप है." मी मराठीत आपण तिला पाणसळ म्हणतो हे सांगितलं आणि नळी त्याच्या हातात दिली. त्याने बादलीत एक टोक बुडवलं, दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घेतलं, अंगठ्याने तोंड दाबलं. आणि मग त्याने असं काही केलं जे मला येत नव्हतं. नळीच्या मधोमध हरभऱ्याएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. तो टिचक्या मारत मारत वर नेऊन त्याने बाहेर काढला. "बुलबुला रह गया तो नाप झूठा आता है," तो म्हणाला. "पापा की एक दीवार टेढ़ी हुई थी."

दोन मुलं दोन टोकं धरून वर्गाच्या दोन कोपऱ्यांत उभी राहिली. पाणी वर-खाली झालं, डोलत राहिलं आणि थांबलं. भिंतीवर खडूने दोन्हीकडे खूण केली. एकीने टोक खाली नेलं तर पाणी तिथून सांडायला लागलं, वर नेलं तर मागे हटलं. कुणीतरी विचारलं की कुंडी भंडाऱ्यात असंच होतं का. मी उत्तर दिलं नाही, त्यांनीच वाद घातला. आणि मग वाद वर्गाबाहेर गेला, कारण एका मुलीने विचारलं की पावसात सहावीच्याच वर्गात पाणी का शिरतं. नळी घेऊन सगळी वरात ओसरीत आली. चाळीस मिनिटांत त्यांनी शोधून काढलं की सहावीच्या दारापुढचा ओटा गटारीच्या काठापेक्षा दोन बोटं खाली आहे. एकाने ते मोजून वहीत लिहिलं आणि मुख्याध्यापकांना नेऊन दाखवलं. गवंड्याचा मुलगा पूर्ण वेळ नळीच्या मधल्या भागाशी होता. बुडबुड्यांवर त्याची नजर होती.

दुसऱ्या दिवशी मी पॅनेल लावला. फोनचं नेट जोडून इराणातल्या कनातीचं एक चलचित्र दाखवलं, जमीन उभी कापल्यासारखं चित्र, खाली बोगदा, वर विहिरींची रांग, पाणी सरकतं आहे. ते मध्ये दोनदा अडकलं. पण वर्ग हलला नाही. अडकलेल्या चित्रावर मुलं बोटं ठेवून सांगत होती की उतार इकडून आहे, बुडबुडा इथे अडकेल. जमिनीच्या पोटातलं हे चित्र मला फळ्यावर काढता आलं नसतं, आणि त्यांना ऐंशी फूट खाली नेणंही मला जमलं नसतं. पॅनेलचं मोल मला त्या दिवशी पटलं. आदल्या दिवशी नळी हातात येऊन गेली नसती तर ते चित्रही माझ्या बारावीच्या चित्रांसारखंच डोळ्यांवरून गेलं असतं, हेही पटलं.

* * *

हे सगळं मला नवं होतं, पण आमच्या राज्याला नवं नाही, हे नंतर वाचताना कळलं. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीची किशोर भारती या दोन संस्था त्यामागे होत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यात आले. मुलांनी प्रयोग करून विज्ञान शिकायचं, आणि प्रयोगाचं सामान साधं, परवडणारं, मोडलं तर गावात मिळणारं. 'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तकं झाली. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रयोगांची वेगळी परीक्षा होती. 1978 मध्ये हा कार्यक्रम पूर्ण जिल्ह्यात गेला, 1982 मध्ये तो पुढे नेण्यासाठी एकलव्य संस्था निघाली, आणि 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. तीस वर्षं. मध्य प्रदेशात शिक्षक होऊ पाहणाऱ्या मला बी.एड.च्या दीड वर्षात कोणी हे सांगितलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

याच होशंगाबादला 1978 मध्ये पुण्याच्या टेल्कोतली रजा काढून एक तरुण अभियंता आला होता, अरविंद गुप्ता. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी तिथे त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवल्या. त्यांची टाकाऊतून केलेली खेळणी मराठी घरांत आणि शाळांत सर्वांच्या ओळखीची आहेत. पण ती आमच्या राज्यातल्या खेड्यात जन्मली हे किती जणांना ठाऊक असेल?

त्या कार्यक्रमात एक सवालीराम होता. मुलांना जो प्रश्न पडेल तो पत्रात लिहून सवालीरामला पाठवायचा. सवालीराम नावाचा माणूस नव्हताच, पण प्रत्येक पत्राला उत्तर जायचं. आज माझ्या वर्गातली मुलं फोनवर एआयला प्रश्न विचारतात आणि क्षणात उत्तर येतं. फरक मला वेगात दिसत नाही. पत्रातल्या प्रश्नावर कोणीतरी माणूस विचारात पडत असे आणि ते मूल कुठल्या गावचं, तिथे काय पिकतं, हे त्याला दिसत असे. मी स्वतः एका एआय साधनाला म्हटलं होतं की बऱ्हाणपूरच्या सातवीसाठी पाणीपुरवठ्यावर पाठाचं टाचण करून दे. सुबक टाचण आलं: धरण, जलशुद्धीकरण केंद्र, पंप, उंच टाकी, नळ. कुंडी भंडाऱ्याचा शब्द नाही. मी विचारल्यावर त्याने तो घातला, आणि सोबत दोन गोष्टी अशा घातल्या ज्या मला कुठेही सापडल्या नाहीत. टाचणाचा सांगाडा मी वापरला. वेळ वाचला, ते नाकारणार नाही. पण तपासायला मला भंडाऱ्यात उतरावं लागलं. जी शिक्षिका उतरणार नाही ती ते तसंच वर्गात नेईल आणि मुलं वहीत उतरवून घेतील.

पडद्यावरून शिक्षण पोहोचवण्याची घाई आपल्या देशाला जुनी आहे. 1 ऑगस्ट 1975 ला साइट नावाचा प्रयोग सुरू झाला. इस्रोने अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे गावांत दूरचित्रवाणी नेली, त्यात मध्य प्रदेशही होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या मोठ्या छत्र्या उभारल्या होत्या, सकाळी मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांचे. संच नादुरुस्त झाला तर दुरुस्तीची व्यवस्थाही विचारपूर्वक केली होती. 31 जुलै 1976 ला वर्ष संपलं आणि उपग्रह पुन्हा अमेरिकेकडे नेला गेला. देशाने त्यातून पुष्कळ शिकून घेतलं, इन्सॅटची वाट त्यातून निघाली. पण त्या चोवीसशे गावांतल्या एखाद्या तिसरीच्या मुलीचा विचार माझ्या मनात येतो. उपग्रह गेल्यानंतरच्या सकाळी तिने काय पाहिलं असेल?

मराठी वाचकांना परितेवाडीचे रणजितसिंह डिसले आठवतील. सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ही त्यांची ओळख झाली. आज देशभरच्या पुस्तकांत तो चौकोन दिसतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या दोन पानांतही मी तो मोठ्या उत्साहाने लिहिला होता. मात्र त्यांच्या कामातला दुसरा भाग मी तेव्हा वाचला नव्हता. त्यांच्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती. ती भाषा ते स्वतः शिकले आणि पुस्तकं त्या मुलांना कळतील अशी नव्याने केली. चौकोनाच्या पलीकडे काय ठेवायचं हे त्यांना भाषेतून कळलं होतं. आपण सगळीकडे चौकोन छापला. पलीकडे मूल आपल्या भाषेत बोलतं आहे का, हे बघायचं राहून गेलं.

'असर'च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्यांतली आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुलं 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी 76 टक्के. म्हणजे मुलांना यंत्र चालवायला शिकवण्याची गरज आता उरलेली नाही. ती आपल्या पुढे आहेत. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने शाळांत पुन्हा छापील पुस्तकांवर पैसा घातला आणि युनेस्कोने 2023 च्या अहवालात विचारलं की वर्गातलं हे साधन कोणाच्या अटींवर चालतं. त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण आमच्या वसतिगृहातल्या मुलींना तर पुस्तकालय आणि इंटरनेट दोन्ही मिळायचं आहे. 'पडदा काढून टाका' हे वाक्य मला इथून म्हणता येणार नाही.

* * *

माझी आजी मराठी शाळेत शिकली, बऱ्हाणपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं तेव्हा. राजधानी नागपूर, कारभाराच्या भाषा दोन, हिंदी आणि मराठी. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला आणि आमच्या गावाची मराठी हळूहळू घरात आली. आजीकडे तिची दगडी पाटी अजून आहे, एका कोपऱ्याला टवका उडालेली. पाटी गुळगुळीत झाली की ती कोळशाने घासून पुन्हा लिहिती करायची, चौकट सुटली की आजोबा खिळा मारायचे. मी तिला नळीचा तास सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग त्या पोराला आता रोज काहीतरी धरायला दे."

ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केलं होतं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडणार नव्हती आणि मुलांच्या ओळखीचीही नव्हती. मग त्यांनी आणि अनुताई वाघांनी बिया, शिंपले, खडे, पानं घेतली. शिक्षणपद्धती युरोपातून आलेली, साधन अंगणातलं. बी.एड.च्या पुस्तकात ताराबाई बालशिक्षणाच्या प्रकरणात आहेत, तंत्रज्ञानाच्या प्रकरणात नाहीत. मी असते तर त्यांना तिथेच घातलं असतं.

वसतिगृहातल्या मुलींपैकी एक कोरकू मुलगी आहे. दोन महिन्यांत ती माझ्या तासाला एकदाही बोलली नव्हती. हजेरीला "जी", तेही ओठांतल्या ओठांत. नळीच्या तासाच्या वेळी ती बादलीजवळ होती. पाणी सांडलं तेव्हा तिच्या तोंडून एक शब्द निघाला, "डा". शेजारची हसली. मी विचारल्यावर तिने मान खाली घातली. घरी जाऊन शोधलं. कोरकूत पाण्याला डा म्हणतात. पार झारखंडात मुंडारीतही जवळपास हाच शब्द आहे. मध्ये शेकडो मैल अंतर, आणि पाणी तेच. कोरकू ही मुंडा भाषाकुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा, आणि ती बोलणारी मुलगी माझ्या तिसऱ्या बाकावर बसते.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी तिची आजी वसतिगृहात भेटायला आली. वॉर्डन मॅडमची आणि आजीची परवानगी घेऊन मी माझ्या फोनवर तिचं बोलणं टिपलं. विषय पाण्याचा: त्यांच्या पाड्यावर झरा कसा शोधतात, उन्हाळ्यात वाळूत कुठे उकरतात, कुठल्या झाडाखाली पाणी असतं. सहा मिनिटं. मला एक अक्षर कळलं नाही. मुलीला मी सांगितलं की हे तास म्हणून वर्गात लावायचं आहे आणि अर्थ तुलाच सांगावा लागेल. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

त्या दिवशी पॅनेलची खोळ मी काढलीच नाही. फोन टेबलावर ठेवला, त्याखाली स्टीलचा डबा उपडा घातला, आवाज जरा घुमावा म्हणून. आजीचा आवाज सुरू झाला. मुलांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. अर्ध्या मिनिटाने कुणीतरी विचारलं, "क्या बोल रही है?" मी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. ती उभी राहिली. पुढे आली नाही, तिथूनच, भिंतीकडे तोंड करून, हिंदीत सांगायला लागली. एक वाक्य, मग थांबायची, ऐकायची, मग पुढचं. उंबराच्या झाडाशी आली तेव्हा गवंड्याचा मुलगा म्हणाला, "हमारे गाँव में भी गूलर के नीचे कुआँ है." तिने पहिल्यांदा वळून त्याच्याकडे पाहिलं. मग तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली: किती हात खोल, पाणी आधी गढूळ येतं की स्वच्छ, वाळू पुन्हा भरली तर काय करता.

"दादी उतरके निकालती है," ती म्हणाली. "हर साल."

रस्त्यावरून ट्रक गेला आणि फोनमधला आवाज त्यात बुडाला. ती बाकांमधून चालत टेबलापर्यंत आली, फोन उचलला, बोटाने ते थोडं मागे नेलं आणि आवाज वाढवला.